ॲक्सलवरच्या तीन खाचा

एकोणीसशे बावन्न साल. त्या वर्षीच्या जुलैत केर्न परगण्यात मोठा भूकंप झाला, त्यामुळे आमच्याकडची जुनी माणसं कुठलीही हकीकत ऐकताना भूकंपाच्या आधीची की नंतरची, एवढंच विचारतात. ही आधीची. नदीकाठच्या कॉटनवुडच्या झाडांना नुकती पानं फुटली होती आणि ऑइलडेलच्या टेकड्या अजून हिरव्या होत्या. दरवर्षी त्या हिरव्या राहायच्या जेमतेम दीड महिना.

वेल्डा क्राउच तेव्हा चौतीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा ऑरिन खोऱ्याच्या तापाने गेला होता. इथल्या धुळीतूनच तो ताप छातीत शिरतो, आणि ऑरिन तर जन्मभर धुळीत राबलेला. त्याच्यामागे राहिलं ते दोन खोल्यांचं घर, परसातलं पत्र्याचं गॅरेज, आणि गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली एकोणीसशे बत्तीसची फोर्ड. मडगार्ड काढलेली, वर टप नाही, इंजिन दुसऱ्याच गाडीचं. असल्या गाडीला हॉट रॉड म्हणत, आणि तिची सगळी ऐट नाक खाली झुकण्यात असे. मागून उंच, पुढून खाली, वास घेत निघालेल्या शिकारी कुत्र्यासारखी. ऑरिनला तेवढंच करायचं राहिलं होतं. पुढच्या दोन चाकांमधला पोलादी दांडा, म्हणजे ॲक्सल, त्याने तीन भंगारखाने पालथे घालून शोधला होता. बत्तीस सालचा, वजनदार, एकही चीर नसलेला. तो गाडीला बसवून झाला, नाक खाली यावं म्हणून तो वाकवून आणायचा बेतही ठरला, आणि ऑरिन अंथरुणाला खिळला.

आता ते काम डेलमर स्टोक्स करत होता. डेलमर ऑरिनचा दोस्त. दोघे तेलविहिरींवरच्या पंपांची दुरुस्ती करायचे, आणि सुट्टीत वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यावर गाड्या पळवायला एकत्र जायचे. बोलायचं झालं की डेलमरचा हात आधी मानेकडे जाई, मान खाजवून झाली की मग शब्द बाहेर पडत. एप्रिलमध्ये एका रविवारी चर्चमधून परतताना त्याने वेल्डाला लग्नाचं विचारलं, तेही हातातल्या टोपीकडे बघत, जणू टोपीलाच विचारत होता.

वेल्डा म्हणाली, "आधी गाडी पुरी होऊ दे. मग सांगते."

तिला डेलमर आवडत नव्हता असं नाही. पण ऑरिनला पुरून तीन आठवडे झाले नव्हते, तेव्हा हाच माणूस गॅरेजच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "गाडी विकायची झाली तर आधी मला सांग." ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. हा माणूस गाडीसाठी येतो की माझ्यासाठी, हे तिला कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत हो म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

आणि संशय घेणं हा तिचा रोजचा धंदाच होता. बटाट्याच्या शेडमध्ये ती निवडणीला उभी राहायची. पट्ट्यावरून बटाटे वाहत येत आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्यातला आतून सडका कोणता, हे क्षणात ओळखून बाजूला काढावा लागे. दहा वर्षं हेच केलेल्या बाईला माणसंही तशीच दिसू लागतात.

त्यात शेजारच्या मिसेस टली. कुंपणावर कोपर टेकवून त्या म्हणाल्या, "फुकट राबतोय म्हणे?"

"फुकट कसं? जेवायला असतो की," वेल्डा म्हणाली.

"अगं, जेवण काय. टाफ्टला माझी मामेबहीण असते. तिच्याकडे एक असाच भला माणूस ट्रॅक्टर दुरुस्त करायला यायचा. ट्रॅक्टर चालू झाला, पण आतलं निम्मं सामान बदललेलं. सहा महिन्यांनी कळलं."

"डेलमर तसा नाही, मिसेस टली."

"मी कुठं म्हणते तसा आहे? मी आपली मामेबहिणीची गोष्ट सांगितली."

वेल्डा घरात आली, पण पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. ॲक्सल खाली आणायचा म्हणजे त्याची दोन्ही टोकं भट्टीत तापवून ओढायची, आणि हे काम बेकर्सफील्डचा, मेंढपाळ बास्क लोकांतला म्हातारा लोहार इरिगोयेन करायचा. त्याच्याकडे रीत अदलाबदलीची होती. आपला सरळ ॲक्सल त्याला द्यायचा, त्याच्या ढिगातला आधीच वाकवलेला उचलायचा आणि घरी यायचं. कुणी आपलाच परत मिळावा म्हणून बसून राहत नसे. म्हणजे ऑरिनचा चांगला ॲक्सल डेलमरने नेला, स्वतःसाठी ठेवून घेतला आणि ढिगातला एखादा चिरलेला आणून लावला, तर कुणाला कळणार होतं?

तिने डेलमरला बजावलं, "मला ऑरिनचाच हवा. बदललेला नको."

"बरं," डेलमर मान खाजवत म्हणाला.

त्या 'बरं'ने तिचं समाधान झालं नाही. शुक्रवारी डेलमरने गाडीचा पुढचा भाग उचलून चौकटीखाली ठोकळे दिले, चाकं काढली, धक्के झेलणारी पाट्यांची कमान सोडवली आणि ॲक्सल खाली उतरवून जमिनीवर ठेवला. मग खिशातून लहानशी वही काढून काहीतरी लिहू लागला. वेल्डा थंड चहा घेऊन आली, तशी त्याने वही मिटून खिशात घातली.

"काय लिहितोस?"

"मापं."

"बघू."

"तुला नाही वाचता येणार. मलाच येत नाही कधीकधी."

तो हसला, ती नाही हसली. तो हात धुवायला गेला आणि नंतर घरी गेला, तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. वेल्डाने ऑरिनच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडी काढली. ॲक्सल उलटा केला. चटकन कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी जागा शोधली. डाव्या टोकाला, चाकाचा खिळा बसतो त्या भोकाच्या अलीकडे, खालच्या अंगाला. तिथे तिने शेजारीशेजारी तीन खाचा मारल्या, नखाएवढ्या. त्यावर काळं ग्रीस फासलं आणि ॲक्सल होता तसा ठेवला.

शनिवारी सकाळी डेलमर ॲक्सल गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला. संध्याकाळी आणतो म्हणाला. आणला रविवारी दुपारी. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

"एवढा उशीर?"

"लोहाराकडे गर्दी होती."

आणि ॲक्सलवर ताजा काळा रंग. वेल्डाने त्याच्याभोवती एक फेरी मारली. टोकं सुरेख वळली होती, हंसाच्या मानेसारखी.

"रंग कशाला दिलास?"

"गंजू नये म्हणून."

"हाच ना तो?"

"हाच."

सोमवारी तिने शेडमधून दुपारीच सुट्टी मागितली. डेलमर कामावर होता. गॅरेजचं दार अर्धं लोटून ती गुडघ्यांवर बसली आणि भाजी चिरायच्या सुरीने डाव्या टोकाचा खालचा रंग खरवडला. आत स्वच्छ पोलाद निघालं. खाच नाही. तिने आणखी खरवडलं, मग उजवं टोक पाहिलं, आपलंच काही उलटसुलट झालं असेल म्हणून. तिथेही काही नाही. बोट फिरवून पाहिलं, नख लावून थंड पोलाद चाचपून पाहिलं. तीन खाचा मारलेल्या होत्या आणि त्या नव्हत्या.

तिला पहिल्यांदा राग आला नाही, बरंच वाटलं, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. आपण मूर्ख नव्हतो, याचंच बरं वाटलं. तिने डबा काढून खरवडलेल्या जागेवर पुन्हा काळा रंग लावला आणि घरात जाऊन घेवडा भिजत घातला.

ती आठ दिवस गप्प राहिली. मंगळवारी डेलमर कामावरून थेट आला, तिने त्याला घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. गुरुवारी बटाट्याचं कालवण आणि जर्दाळूचा केक. तो जेवताना ती त्याच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, हा हात बघ कसा सराईत चालतो. तो तिच्या नळाचा वायसर बदलून द्यायचा, तर तिला वाटायचं, घर चांगलं ओळखून ठेवतोय. त्याने ऑरिनच्या पेटीतले पाने पुसून क्रमाने लावले, तर ती मागाहून जाऊन एकेक मोजून आली. सगळे होते. त्यानेही तिचा संशय कमी झाला नाही. लहान गोष्टीत प्रामाणिक राहणारा मोठी गोष्ट नेताना सापडत नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

"तब्येत बरी नाही का?" त्याने एकदा विचारलं.

"उकाडा आहे."

"अजून कुठला उकाडा. मेच तर आहे."

पुढच्या मंगळवारी त्याची पाळी लवकर सुटली. गाडी चाकांवर उभी होती, नाक चांगलं अडीच इंच खाली आलेलं. डेलमरने पाट्यांच्या कमानीतले दोन पाटेही कमी केले होते, त्यामुळे ती आणखी थोडी बसली होती. उरलं होतं ते चाकांची तोंडं जुळवणं. पुढची दोन चाकं किंचित आत बघत असावी लागतात, नाहीतर रस्ता टायर खाऊन टाकतो. यासाठी दोन माणसं लागतात. प्रत्येक टायर फिरवून त्यावर खिळ्याने रेघ ओढायची, मग दोन रेघांमधलं अंतर चाकांच्या पुढून मोजायचं आणि मागून मोजायचं. पुढचं मागच्यापेक्षा धाग्याएवढं कमी भरलं पाहिजे. टेपचं एक टोक डेलमरच्या हातात होतं, दुसरं वेल्डाच्या. दोघे जमिनीवर पालथे पडले होते, आणि गाडीखालून एकमेकांचे चेहरे दिसत होते.

वेल्डा म्हणाली, "ऑरिनचा ॲक्सल कुठंय, डेलमर?"

"हा काय."

"हा नाही. त्याच्यावर माझी खूण होती."

डेलमरने टेप खाली ठेवली नाही. "कसली खूण?"

"छिन्नीच्या तीन खाचा. मी मारल्या होत्या. आता नाहीत."

"कधी मारल्यास?"

"तू न्यायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी नेण्याच्या आधीच. कुठं मारल्यास?"

तिने गाडीखालून बोट दाखवलं. त्याने त्या जागेकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर हसू येतंय असं तिला एक क्षण वाटलं. ते आलं नाही.

"आणि नाहीत हे कधी पाहिलंस?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस," डेलमर म्हणाला. "म्हणजे गेल्या मंगळवारी मी घेवडा खाल्ला, तेव्हा तुला हे ठाऊक होतं."

तिच्याकडचं टेपचं टोक रेघेवरून सरकलं.

"आणि केक खाल्ला तेव्हाही."

"तू उत्तर दे. बदललास की नाही?"

"लोहाराला विचार. माझ्या तोंडून ऐकून तुला खरं वाटणार नाही, आणि मलाही आता सांगवत नाही." मग त्याने टेप ताणली. "धर. रेघेवर धर. हे अर्धवट सोडलं तर टायर महिनाभरात जातील."

तिने धरलं. दोघांनी पुढून मोजलं, मागून मोजलं, त्याने आडव्या दांडीला एक वळसा दिला, पुन्हा मोजलं. तीन वेळा. आकड्यांखेरीज एक शब्द नाही. काम झाल्यावर तो उठला, चिंधीला हात पुसले, चिंधीची घडी घातली आणि पेटीवर ठेवली.

"आता तुम्ही गाडी चालवू शकता, मिसेस क्राउच," तो म्हणाला आणि निघून गेला. इतक्या वर्षांत त्याने तिला तुम्ही कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेल्डाने गाडी काढली. ऑरिन गेल्यापासून पहिल्यांदा. ती डेलमरला निर्दोष ठरवायला निघाली नव्हती. पुरावा हवा होता, तोंडावर फेकायला. नदीवरचा पूल ओलांडून ती बेकर्सफील्डला लोहाराच्या आवारात शिरली, तेव्हा इरिगोयेन बाकावर बसून कांदा आणि चीज खात होता. मागे ॲक्सलांचा ढीग पडलेला.

गाडीकडे बघून म्हातारा म्हणाला, "हे माझ्या हातचं काम."

"दहा-बारा दिवसांपूर्वी डेलमर स्टोक्सने तुमच्याकडे एक ॲक्सल आणला होता. तो कुठंय, मला खरं सांगा."

"कुठं म्हणजे? तुमच्या गाडीखाली."

"तो बदललेला आहे."

इरिगोयेनने कांदा खाली ठेवला. "बाई, तो माणूस माझ्या उरावर बसला होता. मी म्हटलं, ढिगातला घे, पाच मिनिटांत मोकळा हो. नाही म्हणाला. हाच पाहिजे. मी म्हटलं, माझ्याकडे आधीची चार कामं आहेत. म्हणाला, थांबतो. संध्याकाळी मी भट्टी विझवली तेव्हा एकच टोक झालं होतं. म्हटलं, ठेव इथे, उद्या ये. तर मला म्हणतो, मालक, रागावू नका, पण तुमच्यावर माझा भरवसा नाही. रात्रभर इथे ट्रकमध्ये झोपला, ॲक्सल उशाशी घेऊन. मी काय चोर आहे? पण तोंडावर बोलला म्हणून मला राग नाही आला. सकाळी बायकोने त्याला कॉफी दिली."

"मी त्यावर तीन खाचा मारल्या होत्या. त्या कुठे गेल्या?"

"कुठं मारल्या होत्या?"

तिने दाखवलं. म्हाताऱ्याने वाकून पाहिलं.

"तापवून ओढतो ती जागाच ती."

"मला करून दाखवा," वेल्डा म्हणाली.

दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं. इरिगोयेनने ढिगातला एक सरळ ॲक्सल काढला, छिन्नी तिच्या हातात दिली. तिने तशाच तीन खाचा मारल्या, त्याच जागी. त्याने टोक भट्टीत सरकवलं. ते आधी गडद लाल झालं, मग नारिंगी, मग पिकल्या संत्र्याहून उजळ. त्याने ते बाहेर काढून साच्यात अडकवलं, लांब दांडीने खाली ओढलं, आणि पोलाद ओल्या कणकेसारखं लांबलं. मग घणाचे घाव. प्रत्येक घावाला करडे पापुद्रे उडून जमिनीवर पडत होते. शेवटी त्याने कानशीने खालचं अंग घासलं आणि पाण्याचा शिपका मारला.

"शोधा," तो म्हणाला.

वेल्डाने शोधलं. चष्मा लावून, बोट फिरवून शोधलं. साऱ्या ॲक्सलवर खूण टिकणार नाही अशी दोन टोकांची वीत-वीतभरच जागा होती, आणि तिने लपवायच्या नादात नेमकी तीच निवडली होती. ॲक्सलच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी मारली असती, तर ती जशीच्या तशी परत आली असती.

डेलमर बहिणीच्या आवारात एका ट्रेलरमध्ये राहायचा. वेल्डाने गाडी दारात उभी केली. तो बाहेर आला, आधी पुढच्या चाकांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"सरळ चालते?"

"चालते. डेलमर, माझं चुकलं. मी लोहाराकडे जाऊन आले."

"हं."

"मी खूण करायला नको होती."

तो ट्रेलरच्या पायरीवर बसला. मान खाजवली. "खुणेचं काही नाही. एकटी बाई, नवऱ्याची वस्तू. तुझ्या जागी मी असतो तर मीही केली असती. मी म्हाताऱ्यावर रात्रभर पाळत ठेवलीच की."

"मग?"

"मी पाळत ठेवली ती त्याला सांगून. तू मला जेवायला वाढत राहिलीस." तो अगदी हळू बोलत होता, रागाशिवाय, आणि तेच तिला सोसवेना. "आठ दिवस मी त्या टेबलाशी बसलो, वेल्डा. मला वाटत होतं की आता मी त्या घरातला झालो. आणि तू समोर बसून माझ्यात चोर बघत होतीस. आता मी पुन्हा तिथे जेवायला बसलो, तर तू आत्ता काय बघतेस, हेच मी शोधत राहणार. घास उतरणार नाही."

"गाडी पुरी झाली की सांगते, म्हटलं होतं मी. मी सांगायला आले आहे. माझं उत्तर हो आहे."

डेलमरने गाडीकडे पाहिलं.

"गाडी नाही लागत मला," तो म्हणाला. "ती मागितली होती ती ऑरिनच्या सांगण्यावरून. तो म्हणाला होता, वेल्डा अडचणीत आली तर गाडी विकेल, तेव्हा ती परक्या हातात जाऊ देऊ नकोस. तू विकली नाहीस. तिथंच ते संपलं." मग तो उठला. "आणि माझं विचारणं मी परत घेतो. रागाने नाही घेत."

ती घरी आली ते गावाला वळसा घालून, मिसेस टलींच्या कुंपणाकडून जावं लागू नये म्हणून.

जुलैत भूकंप झाला. मिसेस टलींच्या घराची चिमणी कोसळली, त्या घाबरून फ्रेस्नोला मुलीकडे राहायला गेल्या आणि तिथेच अठ्ठावन्न साली वारल्या. टाफ्टला त्यांची कुणी मामेबहीण नव्हती, हे त्यांच्या मुलीकडून कळलं.

इरिगोयेनने भट्टी आणखी नऊ वर्षं चालवली. पुढे तयार ॲक्सल विकत मिळू लागले, मग त्याने आवार टायरवाल्याला दिलं आणि भावाच्या मेंढ्यांकडे निघून गेला.

डेलमर त्याच शरद ऋतूत वायोमिंगच्या तेलविहिरींवर गेला, तिथून लिबियाला. कॅस्परच्या एका नर्सशी त्याने लग्न केलं, त्यांना दोन मुली झाल्या. नाताळात त्याचं कार्ड यायचं. त्यावर छापील मजकुराखाली नुसतं नाव असे, दुसरं काही नाही. सत्याऐंशी सालच्या नाताळात ते आलं नाही.

वेल्डा शेडमध्ये मुकादम झाली. ती फोर्ड तिने वीस वर्षं चालवली, मग पोर्टरव्हिलच्या सावत्र मुलीला दिली. ती सावत्र मुलगी लिओ फागुंडिसची. हा स्कूलबस चालवणारा विधुर वेल्डाला चव्वेचाळिसाव्या वर्षी भेटला. लग्नाआधीच वेल्डाने त्याला सांगून टाकलं होतं की तुझा खोकला मला दारूचा वाटतो, आणि तू दुसऱ्या एका बाईकडे अजून जातोस असाही संशय आहे. लिओने दोन्हींचा खुलासा केला. पुढची सव्वीस वर्षं तो लोकांना सांगत असे, की आमच्या घरात मनात काही ठेवायची सोय नाही, सगळं जेवायला बसण्याच्या आधी ताटाशेजारी मांडावं लागतं, मग वाढतात.